पानाच्या तळाशी काय लिहिलंय?

आम्ही लिंबागणेशच्या वाचन गटातल्या बायका. हे बोलणं तुमच्यातल्या काही जणींनी रेडिओवर ऐकलं असेल. पण रेडिओवर आकडे पटापट निघून जातात, लिहून घ्यायला सवड मिळत नाही, अशी तक्रार आली. म्हणून छापताना आकडे नीट देतो आहोत. हाताशी पेन घेऊन बसा.

आजचा विषय आहे तळटीप आणि संदर्भ. नाव ऐकून हे कॉलेजातलं काम वाटेल. पण तुम्ही सगळ्यांनी ते हाताळलेलं आहे. सातबारा आठवा. सातबाऱ्यावर नावाच्या शेजारी एक बारका आकडा असतो, कंसात नाहीतर गोल केलेला. तो फेरफार क्रमांक. बापाचं नाव जाऊन भावांची नावं कशी लागली आणि बहिणीचं का लागलं नाही, हे सातबारा सांगत नाही. तो फक्त आकडा दाखवतो. तो आकडा घेऊन तलाठ्याकडं जायचं आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही बघायची. तिथं हकीकत सापडते. कोण वारलं, वारस कोण लावले, कुणी हक्कसोड दिली. सातबारा सगळेच दाखवतात, फेरफार मात्र बघणारीच बघते.

आपल्या बचत गटातही हेच आहे. रोखवहीत नोंदीसमोर खतावणीचं पान लिहिलेलं असतं, म्हणून कुणाचं कर्ज किती फिटलं ते सापडतं. शासन निर्णयाचा कागद बघा, त्यात सुरुवातीलाच ‘वाचा’ असं लिहून जुन्या निर्णयांचे क्रमांक दिलेले असतात. आम्ही इतकी वर्षं तो भाग सोडून खालचं वाचायचो. खरं तर तिथं सांगितलेलं असतं की हा कागद एकटा नाही, याच्या आधीचे हे हे कागद आहेत, ते बघितल्याशिवाय हा कळायचा नाही.

धर्मग्रंथाच्या पानावरही असेच बारके आकडे आणि खुणा असतात, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. आमच्या गटात सगळ्या तऱ्हेच्या बायका आहेत. आम्ही सार्थ ज्ञानेश्वरीचे काही अध्याय वाचले, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला. बायबल वाचायला घेतलं त्याला मात्र कारण घडलं.

आमच्यात एक ख्रिस्ती ताई आहे. माहेर जालन्याकडचं, इकडं दिली. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, पाडव्याच्या सुमाराला परत येते. गावी असली की प्रार्थनेच्या बैठकीत तीच बायबल वाचायची, कारण घरातल्या आणि शेजारच्या बायकांत नीट वाचता येणारी ती एकटीच. मग एकदा बाहेरून एक उपदेशक आले. त्यांनी पौलाच्या पत्रातलं एक वचन वाचून दाखवलं. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, अशा अर्थाचं. झालं. ताईचं वाचणं बंद पडलं. भांडण नाही की काही नाही, नुसतं पुस्तक तिच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. ती आमच्याकडं आली तेव्हा एवढंच म्हणाली, “लिहिलेलंच आहे म्हणल्यावर मी काय बोलू?”

आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकींनी बायबल उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण लिहिलेलं आहे म्हणून गप्प बसवणं हा प्रकार आम्हाला चांगला ओळखीचा होता. मग ठरलं की आधी पुस्तक कसं लावलंय ते शिकू.

ताईकडची प्रत बारकी होती, नुसती वचनं, खाली काही नाही. दुसरी एक जाड प्रत मागून आणली. तिच्यात शब्दांवर बारीक अक्षरं आणि फुल्या होत्या. पानाच्या तळाशी तीच अक्षरं पुन्हा आणि पुढं बारीक टाइपात मजकूर. अनेक ठिकाणी तर मजकूरही नाही, नुसतं ‘लेवी. १९:९’ असं काहीतरी. हा पत्ता आहे. बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांचा गठ्ठा आहे. प्रॉटेस्टंट छपाईत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक छपाईत ७३. ‘लेवी.’ म्हणजे लेवीय नावाचं पुस्तक, १९ हा अध्याय आणि ९ हे वचन. गाव, गल्ली आणि घर नंबर म्हणा. हे घर नंबर मूळ लिहिणाऱ्यांनी टाकलेले नाहीत, हेही ऐकून ठेवा. अध्याय पाडले तेराव्या शतकात, स्टीफन लँग्टन नावाच्या इंग्लंडच्या धर्मगुरूनं. नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे दिले पॅरिसचा छापखानेवाला रॉबर्ट एस्तिएन यानं, १५५१ साली. त्याआधी कुणाला एखादी ओळ दाखवायची तर शोधत बसावं लागायचं. आकडे आले आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर बोट दाखवणं सोपं झालं.

सुरुवात आम्ही रूथच्या पुस्तकापासून केली. चारच अध्याय आहेत आणि गोष्ट सासू-सुनेची आहे. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेममधलं एक कुटुंब मवाब देशात पोट भरायला जातं. तिथं नवरा मरतो, दोन्ही मुलं मरतात. सासू नामी परत गावी निघते. मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. दोघी विधवा, घरात दाणा नाही. दुसऱ्या अध्यायात रूथ म्हणते की मी रानात जाऊन सरवा वेचते.

सरवा म्हणजे काय, हे शहरातल्या बाईला सांगावं लागेल, आपल्याला नाही. ज्वारीची काढणी झाल्यावर राहिलेली कणसं, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा. आमच्यातल्या तिघींनी लहानपणी आईबरोबर शेंगा वेचल्या आहेत. मालक भला असला तर वेचू देतो, नाहीतर बांधावरून हाकलतो. म्हणून आम्हाला वाटलं, त्या बवाज नावाच्या मालकानं रूथवर दया केली.

मग तळाशी बघितलं. तिथं पत्ते होते: लेवी. १९:९ आणि १०, लेवी. २३:२२, अनु. २४:१९. एकीनं पुस्तक उलटून काढलं. तिथं शेतमालकांना सरळ हुकूम आहे. शेताच्या कडा खरवडून कापू नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. अनुवादाच्या पुस्तकात तर नावं घेऊन सांगितलंय. रानात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नका, ती उपऱ्याची, पोरक्याची आणि विधवेची. रूथ गरीब, परकी आणि विधवा. तिन्हीत बसते.

म्हणजे तो सरवा भीक नव्हती. तो तिचा वाटा होता. हे रूथच्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही, कारण त्या काळच्या ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं. आपल्याला माहीत नाही, म्हणून पानाच्या तळाशी तो पत्ता आहे. एवढ्या एका पत्त्यानं आख्खी गोष्ट आमच्यासाठी बदलली.

आमच्यातल्या एक मावशी मात्र लगेच म्हणाल्या, “हक्क असला तरी बांधावर विचारावं लागतंच की.” त्यांचं बरोबर निघालं. रूथ मुकादमाला विचारूनच रानात उतरते (२:७). आणि बवाज आपल्या गड्यांना ताकीद देतो की हिला हात लावायचा नाही, हिला लाजवायचं नाही (२:९, २:१५). म्हणजे कायदा असूनही एकट्या बाईला रानात भीती होतीच. टोळीबरोबर फडावर गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. ताई ते वचन वाचून बराच वेळ काही बोलली नाही.

याच अध्यायात एक मापाची टीप आहे, तीही सांगायला हवी. संध्याकाळी रूथ कणसं झोडपते तेव्हा एक एफा सातू निघतो (२:१७). एफा म्हणजे किती? टिपेत उत्तर आहे, सुमारे २२ लिटर. तेलाचा पंधरा किलोचा डबा भरून वर उरेल एवढं. नुसता आकडा वाचणारा पुढं जाईल. पण आम्ही वेचणाऱ्या. आम्ही म्हटलं, दिवसभराच्या सरव्यात एवढं निघतच नाही. कुठून आलं? मग एक वचन मागं गेलो. बवाजनं गड्यांना सांगून ठेवलं होतं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून हिच्यासाठी टाकत जा (२:१६). दया होती ती इथं होती, हक्काच्या वर. सासूलाही डबाभर धान्य बघून तोच प्रश्न पडतो, आज कुणाच्या रानात गेली होतीस? कुठल्याही सासूला पडेल.

एक गोष्ट आमच्या मनाला लागली तीही सांगतो, नाहीतर सगळं गोडच वाटेल. ‘मवाबी’ या शब्दाच्या मागं लागलो तर अनु. २३:३ सापडतं. तिथं लिहिलंय की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये. म्हणजे त्याच ग्रंथात रूथच्या बाजूचं वचन आहे आणि रूथच्या विरुद्धचंही. आणि मग मत्त. १:५ बघा. तिथं येशूची वंशावळ दिली आहे आणि तिच्यात रूथचं नाव आहे, दावीद राजाची पणजी म्हणून. फक्त अनु. २३:३ वाचून दाखवणाऱ्यानं रूथला दारातच अडवलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ही बऱ्याच जणींनी ऐकलेली आहे. योहानाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात काही पुढारी एका बाईला येशूपुढं आणतात. व्यभिचारात सापडली म्हणतात, दगडांनी मारायची शिक्षा आहे म्हणतात, तुझं काय म्हणणं? आमच्या प्रतीत या भागावर मथळा छापलाय, त्यात बाईचाच उल्लेख. मावशी म्हणाल्या, “आन् तो गडी कुठंय?” आम्ही हसलो. पण संदर्भाचा पत्ता नेमका तोच प्रश्न विचारत होता. लेवी. २०:१० आणि अनु. २२:२२. तिथं जो नियम आहे तो दोघांना आहे, पुरुषाला आणि बाईला. आणलं फक्त बाईला. नियमाचं नाव घेणाऱ्यांनी नियम अर्धाच आणला होता, हे ते दोन पत्ते बघितल्याशिवाय कळत नाही. मथळे मूळ ग्रंथात नसतात, ते छापणारे घालतात, हेही त्या दिवशी समजलं.

या गोष्टीच्या खाली एक निराळीच टीप होती आणि तिनं आमच्यात वाद लावला. टीप अशी की योहान ७:५३ ते ८:११ हा भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखित प्रतींत नाही. काही प्रतींत तो लूकच्या पुस्तकात सापडतो. ताईचा चेहराच पडला. “म्हणजे ही गोष्ट खोटी का?” तिची ती सगळ्यात आवडती गोष्ट होती.

इथं आम्हाला एकनाथ महाराज कामाला आले. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षांत नकलांवर नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. पैठणला नाथांनी प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. म्हणून काय कुणी ज्ञानेश्वरी खोटी म्हणत नाही. हातानं नक्कल करताना ओळ सुटते, कुणी समासात लिहिलेलं आत येतं. बायबलच्या अभ्यासकांनी जगभरातल्या प्रती तशाच ताडून पाहिल्या आणि जिथं फरक दिसला तिथं खाली लिहून ठेवलं. बहुतेक अभ्यासक म्हणतात की ही गोष्ट जुनी आहे, पण योहानाच्या पुस्तकात ती मागाहून आली असावी. लपवता आलं असतं. लपवलं नाही. आमच्यातल्या काहींचं मत पडलं की अशी टीप वाचून पुस्तकावरचा भरवसा वाढतो. ताईचं त्या दिवशी तसं मत नव्हतं आणि आम्ही तिला ओढून पटवलंही नाही.

आता ताईचा मूळ प्रश्न. ते वचन पहिल्या करिंथकरांच्या पत्रात आहे, १४:३४ आणि ३५. आम्ही आधी आख्खा अध्याय मोठ्यानं वाचला. तो अध्याय गोंधळ कसा थांबवावा यावर आहे. सगळे एकदम बोलतायत, कुणाचं कुणाला कळत नाही. ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. आणि ‘गप्प राहा’ ही आज्ञा त्या अध्यायात तीनदा आहे. अनोळखी भाषेत बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारा कुणी नसेल तर, गप्प राहायला सांगितलंय (१४:२८). एक जण बोलत असताना दुसऱ्याला काही सुचलं तर पहिल्यानं गप्प व्हावं असं सांगितलंय (१४:३०). आणि मग बायकांना (१४:३४). मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पहिल्या दोन ठिकाणचं गप्प बसणं त्या वेळेपुरतं आहे, असं सगळेच मानतात. तिसऱ्याचं मात्र आम्हाला जन्मभराचं म्हणून सांगितलं गेलं.

मग खालचे पत्ते काढले. एक होता त्याच पत्रातला, ११:५. तिथं पौल बाईनं प्रार्थना करताना आणि संदेश सांगताना डोक्यावर पदर असावा की नाही यावर बोलतोय. म्हणजे बायका सभेत मोठ्यानं प्रार्थना करत होत्या हे तो धरूनच चाललाय. तीन अध्यायांपूर्वी पदराबद्दल सांगणारा माणूस इथं तोंड उघडूच नका असं का म्हणेल? आणि एक टीप होती की काही जुन्या प्रतींत ही दोन वचनं इथं नसून चाळिसाव्या वचनानंतर आहेत. त्यावरूनही अभ्यासकांत बरीच चर्चा चालते.

मग आम्हाला चटकच लागली. रोम. १६:१ मध्ये पौल फिबी नावाच्या बाईची ओळख करून देतो. तिच्यासाठी जो सेवेचा ग्रीक शब्द वापरलाय, तोच तो १ करिंथ. ३:५ मध्ये स्वतःसाठी वापरतो. प्रेषितांच्या पुस्तकात १८:२६ ला प्रिस्किल्ला ही बाई आणि तिचा नवरा अक्विला एका विद्वान माणसाला जवळ घेऊन नीट शिकवतात. २१:९ ला फिलिपच्या चार मुली संदेश सांगणाऱ्या आहेत.

पण खरं ते सगळं सांगायचं तर त्याच तळाशी आणखी एक पत्ता होता, १ तीम. २:११ आणि १२. तिथं बाईनं शिकवू नये, शांत राहावं असं पुन्हा आहे. म्हणजे तो उपदेशक स्वतःच्या मनाचं काही सांगत नव्हता. चर्चमध्येही या वचनांवरून आजपर्यंत दोन मतं आहेत. काही मंडळ्यांत बायका पाळक आहेत, काहींत नाहीत. संदर्भ आपल्या बाजूचेच असतात असं समजून वाचायला बसलो तर आपणही अर्धा नियम आणणाऱ्यांतलेच झालो. आमचं मत विचाराल तर ते वचन त्या गोंधळाच्या सभेपुरतं आहे. पण ते आमचं मत म्हणून ऐका, पानावर लिहिलंय म्हणून नाही.

ताईनं काय केलं? तिनं हे सगळे पत्ते वहीच्या एका पानावर उतरून घेतले आणि तिथल्या पाळकांना दाखवले. ते म्हणाले, बघतो. महिनाभरानं तिला रूथचा दुसरा अध्याय वाचायला सांगितलं. एवढंच. पौलाचं पत्र वाचायला अजून तिच्या हातात दिलेलं नाही. पण पत्त्यांचं ते पान तिच्या बायबलात आहे, आणि आता शेजारची दहावीतली एक मुलगीही तिच्याजवळ बसून पत्ते शोधते.

टीप आणि संदर्भ हेही माणसांनीच लिहिलेले असतात, हे विसरू नका. चुकीची सांगड घातली तर काय होतं ते मग्दालीया मरीयेच्या बाबतीत बघा. लूकच्या सातव्या अध्यायात एक पापी म्हटलेली बाई येशूचे पाय आसवांनी भिजवते. तिचं नाव दिलेलं नाही. आठव्या अध्यायात दुसऱ्या वचनात मग्दालीया मरीयेचं नाव येतं, तिच्यातून सात भुतं निघाली होती एवढंच. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघी एकच म्हणून सांगितल्या. झालं, मग्दालीया मरीया जगभर वेश्या ठरली. बायबलात तिला तसं एकदाही म्हटलेलं नाही. उलट योहानाच्या विसाव्या अध्यायात पुन्हा उठलेला येशू पहिल्यांदा तिलाच भेटतो आणि ती बातमी इतरांना सांगायला तिलाच पाठवतो. १९६९ साली कॅथलिक चर्चनं आपल्या पंचांगात ही सरमिसळ काढून टाकली आणि २०१६ साली २२ जुलैच्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांइतका मान दिला. चौदाशे वर्षांचा डाग. ज्यानं कुणी मूळ तिन्ही पत्ते उघडून पाहिले असते त्याला तेव्हाही दिसलं असतं.

बऱ्याच जणींकडच्या बायबलात टिपा नसतात, त्यालाही कारण आहे. १८०४ साली लंडनमध्ये बायबल सोसायटी स्थापन झाली. वेगवेगळ्या पंथांची माणसं एकत्र आली होती. टीप म्हटली की भांडण, म्हणून त्यांनी नियमच केला की ग्रंथ छापायचा तो टीप आणि भाष्य यांच्याशिवाय. हेतू चांगला होता, ग्रंथ स्वस्तात घरोघरी गेला. पण अर्थ विचारायला पुन्हा कुणाच्या तरी दारात जावं लागलं.

आपल्या मराठीत ही अडचण एका बाईनं ओळखली होती. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली-बायका सांभाळल्या. त्यांच्यापुढं बायबल वाचायचं तर त्याची मराठी संस्कृत शब्दांनी जड. स्वतः रमाबाईंना संस्कृत तोंडपाठ होतं, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता म्हटलं ते त्यासाठीच. पण त्यांनी खेड्यातल्या बाईसाठी साधी मराठी धरली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून भाषांतर केलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. केडगावलाच छापखाना होता आणि तिथं मुली खिळे जुळवायच्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं, छापून निघालं १९२४ साली.

आणि अलीकडचं म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’, २०१० सालचं. २०२० च्या जानेवारीत आपल्या शेजारी धाराशिवला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच. त्यांनी वाचणाऱ्याला कळावं म्हणून प्रस्तावना आणि टिपा दिल्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयात मिळतं का ते विचारा. नसेल तर मागणी नोंदवा.

आता बसायचं कसं ते सांगतो. आम्ही तिघी-तिघींचे गट करतो. एकीनं वाचायचं, दुसरीनं ज्या शब्दावर खूण आहे तिथं बोट ठेवायचं, तिसरीनं पत्ता शोधायचा. पत्ता शोधणारीला भराभर वाचता आलं नाही तरी चालतं, आकडे ओळखता आले की झालं. आमच्या साठीच्या एक आक्का फक्त आकडे लावतात आणि सगळ्यांच्या आधी पान काढतात. खुणेला जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. टिपांची अक्षरं बारीक असतात, तर मोबाइलचा कॅमेरा धरून मोठी करून बघा. पत्त्यावर गेल्यावर ते एकच वचन वाचू नका, वरची चार आणि खालची चार वाचा. आणि काय सापडलं ते वहीत पत्त्यासकट लिहा, कारण आठ दिवसांनी आठवत नाही.

येत्या बैठकीसाठी आम्ही गणना नावाच्या पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय ठरवला आहे. सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नसतो, पाच मुली असतात. बाप वारल्यावर त्या पाचही जणी सगळ्या मंडळीपुढं उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात. निकाल त्यांच्या बाजूनं लागतो. पण तिथं थांबू नका. खालचे दोन पत्ते काढा, गण. ३६ आणि यहो. १७:३. एका ठिकाणी त्या निकालाला कुळातल्यांनी अट घालून घेतलेली सापडेल. दुसऱ्या ठिकाणी जमीन खरंच नावावर झाली की नाही ते सापडेल. ज्यांच्या घरी सातबारा असेल त्यांनी तोही बरोबर आणावा, त्यावरचा फेरफार क्रमांक बघू. आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो विसरू नये, गेल्या खेपेला चौघींत एकच होता.